गाण्यातला ‘बोअर’ कोण?

१/२६
२१ मे २०२५. दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष सिरिल रामाफोसा व्हाइट हाउसमध्ये पाहुणे म्हणून बसले आहेत. बोलणे रंगात आलेले असताना डोनाल्ड ट्रम्प दिवे मंद करायला सांगतात आणि पडद्यावर चित्रफीत सुरू होते. लाल टोप्या घातलेला विराट जमाव आणि व्यासपीठावरून गाणे म्हणणारा नेता. नेत्याचे नाव ज्युलियस मलेमा; गाण्याचे नाव ‘दुबुल’ इभुनु’. या नावाचा शब्दशः अर्थ ‘बोअराला गोळी घाला’ असा होतो.

२/२६
गोऱ्या शेतकऱ्यांचा वंशसंहार चालू असल्याचा हा पुरावा, असे ट्रम्प यांचे म्हणणे. त्याच्या दोनच महिने आधी दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने याच गाण्याविरुद्धचा अर्ज ऐकण्यासही नकार दिला होता. मग खरे काय? हे गाणे म्हणजे खुनाची चिथावणी, की मुक्तिलढ्याचा वारसा? या धाग्यात त्याचा इतिहास पाहू. माझे मत आधीच सांगून ठेवतो : गाण्यावर बंदी नको हे न्यायालयाचे म्हणणे योग्य आहे; आणि ते आज ज्या रीतीने गायले जाते ते अयोग्य आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

३/२६
आरंभ ‘बोअर’ या शब्दापासून करू. डच भाषेत त्याचा अर्थ साधा आहे : शेतकरी. सतराव्या शतकात केपच्या किनाऱ्यावर डच वसाहत झाली. तिच्यातून जी गोरी शेतकरी जमात घडली ती बोअर, म्हणजे पुढचे आफ्रिकानर. मराठी वाचकाला हा शब्द बहुधा गांधीजींच्या चरित्रामुळे परिचित असतो. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात त्यांनी जखमींच्या शुश्रूषेसाठी भारतीयांचे पथक उभे केले होते.

४/२६
त्या युद्धात इंग्रजांनी बोअरांची शेते जाळली आणि त्यांच्या बायकामुलांना छावण्यांत कोंडले. रोगराईने आणि उपासमारीने तेथे सुमारे २६ हजार बोअर स्त्रिया व मुले दगावली. (कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तेथेही हजारोंनी माणसे मेली. त्यांची मोजदाद मात्र नीट झाली नाही.) ब्लूमफॉन्टेन येथे १९१३ साली या स्त्रियांचे आणि मुलांचे स्मारक उभे राहिले. आपण एकदा नामशेष होता होता वाचलो, ही आफ्रिकानरांच्या सामूहिक स्मृतीतील सर्वांत खोल जखम आहे.

५/२६
आता त्याच १९१३ सालातील दुसरी घटना. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने जमिनीचा कायदा केला. देशातील बहुसंख्य असलेल्या कृष्णवर्णीयांसाठी सुमारे ७ टक्के भूमी राखून ठेवली आणि उरलेल्या भागात त्यांना जमीन विकत घेण्यास मज्जाव केला. १९३६ साली हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास नेण्याचे ठरले. एकाच वर्षी एका समाजाच्या दुःखाचे स्मारक झाले आणि दुसऱ्या समाजाच्या दुःखाचा पाया घातला गेला. या गाण्याचा वाद समजून घ्यायचा तर ही दोन्ही १९१३ शेजारी शेजारी ठेवावी लागतात.

६/२६
१९४८ साली आफ्रिकानरांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. तेव्हापासून कृष्णवर्णीय वस्त्यांच्या बोलीत ‘बोअर’चा अर्थ पालटत गेला. पहाटे दार ठोठावणारा पोलीस बोअर, तुरुंगाचा पहारेकरी बोअर, वस्तीत शिरलेला सैनिक बोअर, प्रिटोरियातले सरकारही बोअर. नांगर हाकणाऱ्या माणसाचे नाव एका राजवटीचे नाव झाले. शब्दकोशातला अर्थ मात्र पुसला गेला नाही. तो खाली तसाच राहिला. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या दुहेरी अर्थात आहे.

७/२६
या लढ्यात गाणे ही करमणुकीची बाब नव्हती. सभा, पत्रके, पक्ष यांवर बंदी आली तेव्हा गाणे हीच सभा आणि गाणे हेच पत्रक ठरले. पोर्ट एलिझाबेथचे कामगार पुढारी वुयिसिले मिनी यांनी पंतप्रधान फेरवुर्ड यांना नावानिशी इशारा देणारे गाणे रचले. ६ नोव्हेंबर १९६४ रोजी त्यांना प्रिटोरियात फाशी झाली. फाशीच्या तख्ताकडे जातानाही ते गात होते, असे त्यांचे सहकारी सांगत. ‘दुबुल’ इभुनु’ याच परंपरेतले गाणे. निःशस्त्र माणसे बंदुकीविषयी गात होती, कारण बंदूक समोरच्याच्या हातात होती.

८/२६
अशा गाण्याचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे का? आपल्याकडील एक उदाहरण पाहा. मोर्चात ‘मुर्दाबाद’ ही घोषणा सर्रास दिली जाते. शब्दाच्या मुळाशी गेलो तर अर्थ निघतो ‘मरो’. तरीही गिरणीच्या फाटकावर मालकाच्या नावाने मुर्दाबाद म्हणणाऱ्या कामगाराला कोणी खुनी समजत नाही. त्या शब्दातून मृत्यू केव्हाच निघून गेला. निषेध तेवढा उरला. भाषेत असे घडते. ‘दुबुल’ इभुनु’चे समर्थक जे सांगतात ते नेमके हेच, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

९/२६
पण उदाहरण तेथेच सोडून चालणार नाही. तीच घोषणा मध्यरात्री एखाद्या एकाकी घरासमोर, घरातल्या माणसाच्या नावाने, त्याच्या जातीचे वा धर्माचे नाव घेऊन दिली तर? शब्दातून निघून गेलेला मृत्यू क्षणात परत येतो. म्हणजे अर्थ केवळ शब्दांत नसतो, केवळ म्हणणाऱ्याच्या मनातही नसतो. कोण म्हणतो, कोठून म्हणतो, केव्हा म्हणतो आणि ऐकणाऱ्याजवळ ते कोणत्या स्मृतीवर आदळते, या सर्वांतून तो घडतो.

१०/२६
१० एप्रिल १९९३. कम्युनिस्ट नेते ख्रिस हानी यांची बॉक्सबर्ग येथील त्यांच्या घरासमोर हत्या झाली. मारेकरी यानुश वालूश हा पोलंडहून आलेला गोरा स्थलांतरित होता. त्याला पिस्तूल पुरवणारा गोऱ्यांच्या उजव्या पक्षाचा राजकारणी होता. देश यादवीच्या काठावर उभा राहिला. शोकसभेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या युवक शाखेचे अध्यक्ष पीटर मोकाबा यांनी बोअराला, शेतकऱ्याला मारा अशी घोषणा दिली. गाण्यातला भाव घोषणेत आला आणि तिने ‘शेतकरी’ हा शब्द स्पष्ट उच्चारला. त्याच दिवसांतली दुसरी एक गोष्ट शेवटी सांगेन.

११/२६
मोकाबा २००२ साली वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी ती घोषणा पुन्हा दुमदुमली. वर्णभेद संपून तेव्हा आठ वर्षे झाली होती. तक्रार मानवी हक्क आयोगाकडे गेली आणि २००३ मध्ये आयोगाने ती घोषणा द्वेषमूलक ठरवली. घोषणेचा निवाडा झाला, पण गाण्याचा झाला नाही. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे तो कळीचा ठरतो.

१२/२६
२०१० च्या मार्चमध्ये युवक शाखेचे तत्कालीन अध्यक्ष ज्युलियस मलेमा यांनी हे गाणे जाहीरपणे म्हटले. ३ एप्रिलला कडव्या गोऱ्या संघटनेचे नेते यूजीन टेरब्लांश यांचा त्यांच्याच शेतावर खून झाला. अनेक आफ्रिकानरांनी दोन्ही घटना एका सुतात ओवल्या. पुढे खटल्यात शेतमजुराला जन्मठेप झाली. राजकीय कट काही सिद्ध झाला नाही. परंतु भीती न्यायालयाच्या निकालासाठी थांबत नाही. ती आधीच घरोघर पोहोचली होती.

१३/२६
‘आफ्रिफोरम’ ही आफ्रिकानरांची संघटना जोहान्सबर्गच्या समता न्यायालयात गेली. मलेमांच्या बाजूने कवी मोंगाने वॉली सेरोटे यांनी साक्ष दिली. गाण्यातला बोअर म्हणजे माणूस नव्हे, वर्णभेदाची व्यवस्था, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. जे कवी स्वतः एकांतवास भोगून आले होते, त्यांच्या तोंडी हा युक्तिवाद पोकळ वाटत नव्हता.

१४/२६
१२ सप्टेंबर २०११ रोजी न्यायमूर्ती कॉलिन लॅमॉन्ट यांनी गाणे द्वेषमूलक असल्याचा निर्णय दिला. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा : एकाच शब्दाचे वेगवेगळ्या श्रोत्यांना वेगवेगळे अर्थ लागत असतील, तर गाणाऱ्याला अभिप्रेत अर्थ तेवढा खरा मानता येत नाही, अल्पसंख्य श्रोत्याने ऐकलेला अर्थही विचारात घ्यावा लागतो. युद्ध संपले आहे, आता जुने शत्रू एकाच देशाचे नागरिक आहेत, हा त्यामागचा विचार होता.

१५/२६
निकालाने वाद मात्र मिटला नाही. जानेवारी २०१२ मध्ये पक्षाच्या शताब्दी सोहळ्यात खुद्द अध्यक्ष जेकब झुमा यांनी ते गाणे म्हटले. अपील प्रलंबित असतानाच त्या वर्षअखेरीस पक्ष आणि आफ्रिफोरम यांच्यात समझोता झाला : दुसऱ्याला दुखावतील अशी गाणी टाळण्यास नेत्यांनी व कार्यकर्त्यांना उद्युक्त करावे. मधल्या काळात मलेमांची पक्षातून हकालपट्टी झाली होती. ‘गोळी घाला’ऐवजी ‘मुका घ्या’ असे म्हणून त्यांनी काही काळ न्यायालयाची थट्टाही केली.

१६/२६
२०१३ मध्ये मलेमांनी ‘इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स’ हा पक्ष काढला आणि गाणे पुन्हा व्यासपीठावर आले. आफ्रिफोरम पुन्हा न्यायालयात गेली. परंतु दरम्यान कायदाच बदलला होता. जुलै २०२१ मध्ये घटना न्यायालयाने एका वेगळ्याच प्रकरणात, समलिंगी व्यक्तींविरुद्ध लिहिलेल्या लेखाच्या खटल्यात, समता कायद्याची व्याख्या तपासली. ‘दुखावणारे’ शब्द तेवढ्यावरूनच बेकायदा ठरवणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे, असे सांगून तो निकष त्याने रद्द केला.

१७/२६
ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायमूर्ती एडविन मोलाहलेही यांनी आफ्रिफोरमची तक्रार फेटाळली. इजा करण्यास चिथावणी आणि द्वेषाचा प्रसार असा स्पष्ट हेतू गाण्यातून वाजवीपणे निघतो, हे सिद्ध झाले नाही, असे त्यांनी ठरवले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला : समंजस आणि माहीतगार श्रोत्याला हे राजकीय गाणे आहे, शेतकऱ्यांना ठार मारण्याची आज्ञा नाही, हे कळते. मार्च २०२५ मध्ये घटना न्यायालयाने पुढील अपिलाची परवानगी नाकारली.

१८/२६
‘एकच गाणे, दोन उलट निकाल, म्हणजे न्यायालय राजकारण्यांना शरण गेले,’ अशी टीका झाली. ती मला पटत नाही. दोन न्यायालयांना दोन वेगळे प्रश्न विचारले गेले होते. २०११ चा प्रश्न होता : हे कोणाला दुखावते का? २०२२ चा प्रश्न होता : यातून इजा करण्याची चिथावणी निघते का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे असण्यात विसंगती नाही. गाणे दुखावते हे नंतरच्या निकालांनी नाकारलेच नाही. दुखावणे हा गुन्हा नव्हे, एवढेच सांगितले.

१९/२६
न्यायालये मलेमांना घाबरतात म्हणावे, तर ऑगस्ट २०२५ चा निकाल पाहावा. २०२२ च्या एका मेळाव्यात त्यांनी क्रांतीत मारण्याची भीती बाळगू नये अशा आशयाचे भाषण केले होते. ते भाषण समता न्यायालयाने द्वेषमूलक ठरवले. माणूस तोच, पक्ष तोच, व्यासपीठही तसेच. गाणे सुटले आणि भाषण अडकले. गाण्याला इतिहासाने दिलेला एक अर्थ असतो. ताज्या भाषणाला तसा आडोसा नसतो.

२०/२६
आता माझ्या मताकडे. बंदी का नको? कारण बंदी गाण्याचा एकच अर्थ कायम करते, आणि तोही सर्वांत वाईट अर्थ. ज्यांनी हे गाणे अश्रुधुरात आणि अंत्ययात्रांत म्हटले, त्यांना कायद्याने पूर्वलक्षी चिथावणीखोर ठरवणे हा अन्याय आहे. शिवाय शब्दांची सूची करून गाणी तपासू लागलो तर मुक्तिलढ्यांची निम्मी गाणी गप्प होतील. शस्त्राचा आणि रक्ताचा उल्लेख नसलेली लढ्याची गाणी जगात थोडीच आहेत.

२१/२६
परंतु ‘न्यायालयाने मुभा दिली’ हे ‘गाणे उचित आहे’ याचे उत्तर नव्हे. कायदा किमान मर्यादा सांगतो. सार्वजनिक जीवनाची पातळी त्याहून वर असावी लागते. हे गाणे जन्मले तेव्हा गाणाऱ्याजवळ मताधिकार नव्हता. आज ते गाणारा खासदार आहे. गोऱ्यांच्या कत्तलीचे आवाहन आपण करत नाही, ‘निदान सध्या तरी’, अशा आशयाचे बोलणे ज्याने केले आहे, त्याच्या तोंडी ‘बोअर म्हणजे व्यवस्था’ हा खुलासा टिकत नाही. सेरोटेंचा युक्तिवाद खरा होता. तो वापरणाऱ्याने त्याचे मोल घालवले.

२२/२६
ऐकणाऱ्याची भीतीही हसण्यावारी नेऊ नये. शेतावरचे हल्ले खरे आहेत आणि कित्येक अत्यंत क्रूर आहेत. एकाकी घर, जवळची पोलीस चौकी कोसभर दूर, आणि दूरदर्शनवर ते गाणे. अशा घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याला रूपक समजावून सांगणे सोपे नाही. तथापि प्रमाणही पाहिले पाहिजे. शेतांवरील खून वर्षाला साधारण पन्नासच्या आसपास. देशातील एकूण खून २५ हजारांहून अधिक, आणि मरणारे बहुतांश कृष्णवर्णीय गरीब. ही हिंसेने पोखरलेल्या देशाची शोकांतिका आहे, वंशसंहार नव्हे.

२३/२६
व्हाइट हाउसच्या पडद्यावर यातले काही नव्हते. रस्त्याकडेचे पांढरे क्रूस कबरी म्हणून दाखवले गेले. ते २०२० मधल्या एका निषेधासाठी तात्पुरते रोवले होते. त्याआधी नऊ दिवस, १२ मे रोजी, ५९ आफ्रिकानर निर्वासित म्हणून अमेरिकेत उतरले होते. रामाफोसांच्या शिष्टमंडळात कृषिमंत्री जॉन स्टीनहाउझेन होते. मलेमांना सत्तेपासून दूर ठेवण्यासाठीच आपला पक्ष सरकारात आला, असे त्यांनी तेथे सांगितले. ते कोणाला ऐकायचे नव्हते. मलेमांना गाण्याचा जो अर्थ नाकारायचा होता, तोच ट्रम्प यांनी त्यांना बहाल केला, आणि त्यात दोघांचाही फायदा झाला.

२४/२६
गाणे अजून का जिवंत आहे, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजू टाळतात. २०१७ च्या सरकारी भूमी-पाहणीनुसार व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांच्या नावे होती. लोकसंख्येत त्यांचा वाटा ७ ते ८ टक्के. १९१३ चा कायदा रद्द झाला, त्याने आखलेला नकाशा पुष्कळसा तसाच राहिला. ज्या दिवशी हा नकाशा बदलेल त्या दिवशी हे गाणे आपोआप संग्रहालयात जाईल. तोवर ते बंदीने संपणार नाही, आणि ते गाऊन जमीनही मिळणार नाही.

२५/२६
एप्रिल १९९३ ची राहिलेली गोष्ट. हानींवर गोळ्या झाडून वालूश मोटारीतून पळाला. शेजारच्या एका गोऱ्या आफ्रिकानर स्त्रीने गाडीचा क्रमांक पोलिसांना कळवला आणि तो पकडला गेला. त्या दिवसांत नेल्सन मंडेला दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले. ते तेव्हा कोणत्याही सरकारी पदावर नव्हते. मारेकरी गोरा आहे हे त्यांनी लपवले नाही. आणि त्याला न्यायासमोर उभे करणारी स्त्री आफ्रिकानर आहे, हेही देशाला आवर्जून सांगितले.

२६/२६
एकाच शोकातून दोन वाणी निघाल्या होत्या. मोकाबांच्या घोषणेत बोअर म्हणजे प्रत्येक बोअर होता. मंडेलांच्या भाषणात बोअर स्त्री शेजारीण होती आणि शत्रू होता तो द्वेष. ‘बोअर म्हणजे व्यवस्था’ हा अर्थ ज्यांना खरोखर राखायचा आहे, त्यांनी गाण्यापूर्वी तो मोठ्याने, त्या शेजारणीला ऐकू जाईल असा सांगितला पाहिजे. तो सांगण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने न्यायालयाने दिलेली मुभा जरूर बाळगावी. मुक्तिलढ्याचा वारसा मात्र सांगू नये.